सर्व्हर मागणाऱ्या एका कागदाची कैफियत

मित्रांनो, मी एक जुना कागद आहे. खरं सांगायचं तर एकोणीस कागद, डाव्या कोपऱ्यात एका पिनेने टाचलेले. माझ्या पहिल्या पानावर ठळक अक्षरांत लिहिलं आहे, 'इंटरनेट टेलिफोनी सर्व्हरच्या खरेदीसाठी आवश्यक बाबी'. याचा अर्थ मात्र मला विचारू नका. माझ्या अंगावर आहे म्हणून मला तो कळलाच पाहिजे, असं थोडंच आहे?

माझा जन्म एका मोठ्या रुग्णालयाच्या भांडारात झाला. तिथले कारकून काका मला जन्माला घालणारे. माणूस अतिशय सज्जन, पण प्रत्येक वाक्यात एखादा नियम सांगायची सवय. म्हणून सगळे त्यांना पाठीमागे 'पोटनियम' म्हणत. तोंडावर अर्थातच काका.

झालं असं, की रुग्णालयाचं टेलिफोनचं जुनं यंत्र वरचेवर बंद पडू लागलं. त्याचे सुटे भाग कुठे मिळेनात. तेव्हा मोठ्या साहेबांनी काकांना बोलावून सांगितलं, "आता इंटरनेटवर चालणारं नवीन यंत्र घ्यायचं. काय काय हवं त्याचा कागद शुक्रवारपर्यंत टेबलावर पाहिजे." काका "हो साहेब" म्हणून बाहेर आले आणि जिन्यातच थांबले. सर्व्हर हा शब्द त्यांनी ऐकला होता, पण तो कशाशी खातात हे त्यांना ठाऊक नव्हतं.

काकांचे साडू एका बंदराच्या कचेरीत होते. तिथे असंच यंत्र दोन वर्षांपूर्वी घेतलेलं. साडूंनी त्यांचा कागद पाठवून दिला आणि काकांच्या जिवात जीव आला. त्यांनी संगणकाला सांगितलं, जिथे जिथे 'बंदर' असेल तिथे तिथे 'रुग्णालय' कर. संगणकाने ते निमूटपणे केलं. आणि मी जन्मलो, चाळीस कलमांचा, धडधाकट.

पण मित्रांनो, त्या पहिल्या दिवसापासून माझ्या डोक्यात गोंधळच गोंधळ! कलम सहा म्हणतं, रुग्णालयात नांगरलेल्या जहाजांशी चोवीस तास संपर्क राहिला पाहिजे. कलम नऊ म्हणतं, यंत्राला खाऱ्या वाऱ्याने गंज चढता कामा नये. मी भांडाराच्या खिडकीतून पुष्कळ पाहिलं. मला एक सायकलींची शेड दिसली, वाळत घातलेल्या चादरी दिसल्या, समुद्र काही दिसला नाही. कलम चौदामध्ये पॅकेटं हरवण्याचं प्रमाण एक टक्क्याहून कमी असावं असं आहे. कुणाची पॅकेटं? कुठे हरवतात? आणि हरवतात हे आधीच माहीत आहे तर कुणी शोधत का नाही? मला वाटायचं, बाकीच्या कागदांना आपापला मजकूर कळत असेल, आपणच तेवढे मठ्ठ.

साहेबांनी माझ्या प्रत्येक पानावर लफ्फेदार सही केली. वाचलं एकही पान नाही. "छान झालंय, मुद्देसूद आहे," असं मात्र म्हणाले. काका फुलून गेले, आणि खोटं कशाला बोलू, मीही फुललो. आपल्याला काही समजत नसलं तरी लोकांना आपण समजतो, या विचाराने मला धीर आला.

मग पुरवठादारांना बोलावणं गेलं. सामान देणाऱ्यांपैकी एक जण जागा बघायला आला. खांद्यावर भलीमोठी बॅग, बोलणं घडाघडा. काका मला बगलेत घेऊन त्याला टेलिफोनच्या खोलीत घेऊन गेले. ती खोली जिन्याखाली होती. तिथे ऑपरेटर ताई बसत. रुग्णालयातला प्रत्येक फोन एकोणीस वर्षं त्यांच्या बोटांखालून जात होता. दीडशे नंबर त्यांना तोंडपाठ. समोरच्या बटणांवर त्यांनी डिंकाचे थेंब वाळवून ठेवले होते. एक थेंब अपघात विभाग, दोन थेंब बाळंतिणींचा, तीन थेंब शस्त्रक्रियेची खोली.

"ताई, हे नव्या यंत्रवाल्यांकडून आलेत," काका म्हणाले.

"या, या," ताई म्हणाल्या आणि तेवढ्यात दोन फोन जोडून दिले.

बॅगवाला खूश होऊन म्हणाला, "तुमचं काम आता कसलं सोपं होणार आहे बघा! ही बटणं-बिटणं सगळी जाणार. एकच मोठा काचेचा पडदा. नाव दिसलं की नुसतं बोट टेकवायचं."

"आणि नाव नाही दिसलं तर?"

"दिसणार नाही कसं? चोवीस इंची आहे!"

ताई हसल्या. "अहो दादा, चोवीस फुटी आणलात तरी मला नाही दिसायचा."

बॅगवाल्याने तेव्हा कुठे त्यांच्या डोळ्यांकडे नीट पाहिलं. काकांनी घाईघाईने मला उघडलं. कलम बावीस. 'ऑपरेटरसाठी चोवीस इंची स्पर्शपडदा असावा. बटणे नसावीत.' बंदरातल्या ऑपरेटरला तसंच हवं असेल. ताईंना दिसत नाही हे काकांना माहीत नव्हतं असं नाही. अकरा वर्षं रोज "काय ताई, बरं आहे ना?" म्हणत ते तिथून जात होते. मला लिहिताना तेवढं त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. आणि मी? मी तर माझ्या अंगावर काय आहे हे जाणतच नव्हतो. पण त्या क्षणी मला इतकं कळलं, की माझ्यामुळे कुणाचं तरी वाईट होणार आहे.

दुसऱ्या दिवशी ताई भिंतीला हात लावत भांडारात आल्या.

"काका, मग माझं काय होणार?"

"नोकरीला काही धोका नाही हो ताई. साहेब तुम्हाला दुसरीकडे बसवतील."

"कुठे? काय करायला?"

काका टेबलावरचे कागद सारखे करू लागले.

"मागे यंत्र बंद होतं तेव्हा तीन दिवस मला बाहेरच्या बाकावर बसवलं होतं," ताई म्हणाल्या. "येणारा-जाणारा म्हणायचा, बसा ताई, आरामात बसा. काका, मला बसायचं नाहीये. मला काम करायचंय."

काकांचे डोळे भरून आले, पण तोंडून निघाला तो नियमच. साहेबांची सही झाल्यावर मला कुणी आतल्या माणसाने हात लावायचा नाही. बदल हवा तर पुरवठादाराने सभेत शंका काढली पाहिजे. आणि अमुक शंका काढा, असं पुरवठादाराला आधी सांगायचं नाही, तो पक्षपात होतो. हे सगळं काकांनी ताईंना समजावून सांगितलं. ताई म्हणाल्या, "म्हणजे मला काय हवंय, ते कुणीतरी परक्याने विचारायला पाहिजे." काका म्हणाले, "हो." मला हा नियम तेव्हाही कळला नाही, आजही कळत नाही.

सभेला तीन पुरवठादार आले. मी टेबलाच्या मधोमध, छाती धडधडत असलेला. कागदाला छाती नसते म्हणता? त्या दिवशी होती.

पहिल्यानेच विचारलं, "साहेब, रुग्णालयात जहाजं नेमकी कुठे नांगरतात?"

खसखस पिकली. साहेबांनी मला ओढून घेतलं आणि आयुष्यात पहिल्यांदा वाचलं. कलम सहा, कलम नऊ. त्यांचा चेहरा लाल झाला आणि काकांचा पांढरा. जहाजं गेली, खारा वारा गेला. खरं सांगतो, ती ओझी उतरल्यावर मला हलकं वाटलं, पण लाजही फार वाटली.

"आणखी कुणाची शंका?" साहेबांनी विचारलं.

काका बॅगवाल्याकडे टक लावून बघत होते. एक शब्द बोलायची त्यांना मुभा नव्हती. बॅगवाला कागद आवरत होता. त्याने बॅगेची चेन लावली. मला वाटलं, संपलं सगळं. मग त्याने ती चेन पुन्हा उघडली.

"एक आहे," तो म्हणाला. "ऑपरेटरला बटणं नसावीत असं कलम बावीसमध्ये लिहिलंय. तिथे बसतात त्या ताईंना मी भेटलो. हे लिहायच्या आधी तुमच्यापैकी कुणी त्यांना विचारलं होतं का?"

साहेबांनी काकांकडे पाहिलं. काका उभे राहिले. आता एखादा पोटनियम येणार, असं सगळ्यांनाच वाटलं असेल.

"नाही साहेब. कुणी नाही विचारलं. चूक माझी आहे."

साहेबांनी मला काकांपुढे सरकवलं. मग म्हणाले, "बोलवा त्यांना. आणि त्या सांगतील तसंच लिहा."

ताई आल्या, खुर्चीत बसल्या. काका पेन सरसावून म्हणाले, "'दृष्टिबाधित कर्मचाऱ्यास अनुकूल' असं लिहू का?"

"त्याने कुणाला काय कळणार? साधं लिहा," ताई म्हणाल्या. "बटणं बोटांना लागली पाहिजेत. कुठला फोन वाजतोय ते आवाजावरून ओळखू आलं पाहिजे. लाइनवर कोण थांबलंय ते यंत्राने कानात सांगितलं पाहिजे. आणि मी दिवसभर चालवून बघितल्याशिवाय यंत्र पास करू नका."

कलम बावीसवर रेघ आली आणि हे कलम एकेचाळीस म्हणून शेवटी लिहिलं गेलं. मित्रांनो, माझ्या अंगावरचं मला समजलेलं हे पहिलं कलम. मी ते मनातल्या मनात किती वेळा वाचलं असेल!

दोन महिन्यांनी यंत्र आलं. बॅगवाल्याच्या कंपनीचं नव्हे, दुसऱ्याच कुणाचं. त्याने ती शंका काढली नसती तर कदाचित त्याचं काचेच्या पडद्याचं यंत्रच आलं असतं. त्याला हे माहीत होतं का? मला सांगता येत नाही.

काका लाल पेन्सिल घेऊन बसले. एकेक कलम तपासायचं आणि पुढे बरोबरची खूण करायची. उरलेली सगळी कलमं झाली. एकेचाळीसपाशी पेन्सिल थांबली. ते नुसतं बघून तपासता येण्यासारखं नव्हतंच. ताई सकाळपासून जिन्याखाली यंत्र चालवत होत्या. काका मला घेऊन खाली गेले आणि त्यांच्या शेजारी स्टुलावर बसून राहिले. फोन वाजत होते, ताईंची बोटं चालत होती. संध्याकाळी त्यांनी कानावरचे हेडफोन काढून ठेवले.

"सतरावं बटण जरा ढिलं आहे," त्या म्हणाल्या. "बाकी चालेल."

काकांनी पेन्सिल टेकवली, आणि उचलली. मग ती ताईंच्या हातात दिली, त्यांचं बोट धरून कलमाच्या कडेला ठेवलं. "इथे. तुम्हीच करा."

ताईंनी खूण केली. मोठी, तिरकी, जोर लावून केलेली. ती समासातून निघून थेट मजकुरावर गेली आणि कागदाला मागून उठाव आला. ताईंनी पान उलटून त्यावरून एकदा बोट फिरवलं. "झाली ना?" त्यांनी विचारलं. "झाली," काका म्हणाले.

आता मी भांडाराच्या कपाटात खालच्या कप्प्यात आहे. माझ्या कडा पिवळ्या पडल्या, पिनेला गंज आला. वर्षानुवर्षं मला कुणी उघडलेलं नाही. पॅकेटं कुणाची हरवतात ते मला अजून उमगलेलं नाही, आणि आता उमगेल असं वाटतही नाही. फक्त एक विनवणी आहे. मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, तुमच्यापैकी कुणीतरी काका होईल, कुणी साहेब. माझ्यासारखा कागद लिहायची वेळ तुमच्यावर येईलच. तेव्हा लिहायला बसण्याआधी उठा, आणि ज्याला ती वस्तू रोज हाताळायची आहे त्याच्यापाशी जा. तो म्हणेल ते त्याच्याच शब्दांत लिहा. माझ्या अंगावरची ती लाल खूण ताईंची आहे, आणि एकोणीस पानांत माझं म्हणावं असं तेवढंच आहे.