दादऱ्यातली रिकामी जागा

"दादऱ्यात त्या जागी ट्रम्पेट नाई वाजणार आज," फारूकनं कीबोर्डवरून बोटं उचलली. "तिथी गप्प राहाचं. समजलं का, बिरजू?"

ऑक्टोपॅडमागे बसलेल्या बिरजूनं काड्या मांडीवर ठेवल्या. "काऊन भाऊ? त्याच पीसवर तर पब्लिक शिट्ट्या मारते!"

"म्हणूनच."

माजरीच्या कोळसा खाणीच्या कामगार कॉलनीतल्या मैदानावर संध्याकाळच्या ऑर्केस्ट्राची तयारी चालली होती. सकाळी पुसलेल्या स्पीकरांवर दुपारपर्यंत पुन्हा कोळशाची काळी साय धरली होती. सगळं ठीक चाललं होतं, पण गायिका रिना राजुऱ्याहून आली ती बातमी घेऊनच. स्टँडवर तिला गुणवंतराव सरांच्या पत्नी अंजनाबाई भेटल्या होत्या. सर आज कार्यक्रमाला येणार होते.

घुग्घुसच्या शिंप्याच्या पोराला, म्हणजे फारूकला, पेटीवर हात ठेवायला सरांनी शिकवलं होतं. राजुऱ्याला, आपल्या घरी, चटईवर बसवून. स्वतः बांधलेला पिलू रागातला दादराही त्यांनी त्याला दिला. त्या दादऱ्यात अंतऱ्याच्या शेवटी एका शब्दावर येऊन सर गाता गाता थांबत. पेटी थांबे. तबला नुसता ठेका धरून राही आणि खोलीत कोणी मांडी बदलत नसे. मग अलगद मुखडा येई. त्या थांबण्यात काय आहे हे विचारायची फारूकची कधी छाती झाली नाही.

पुढे तो दुकानातलं मशीन सांभाळून ऑर्केस्ट्रात वाजवू लागला. मैदानात आवाज थांबला की लोक ओरडत, "लाइट गेली का बे?" मग फारूकनं दादऱ्याची लय वाढवली, तबल्याची लग्गी ऑक्टोपॅडवर घेतली आणि सरांच्या त्या जागेत कीबोर्डवरचं ट्रम्पेट भरलं. लोकांना वेड लागलं. चंद्रपूरला कॅसेट निघाली. तेव्हापासून तो राजुऱ्याला फिरकला नव्हता. सरांना लकवा मारल्याचं कळलं तेव्हाही नाही. काय तोंड दाखवायचं?

"फारूकभाऊ, मले तसंच पाठ आहे," रिना म्हणाली. "ट्रम्पेट संपलं का मी उचलते. ते काढलं तर मले कसं कळन?"

"मी मान हलवतो."

"अन् नाई दिसली तर? मंग दादराच नका घेऊ आज."

"कॉलनीच्या सायबांची फर्माईश आहे."

"तर मंग ठरवा एकदाचं."

फारूकच्या हातातला चहा निवून गेला. त्यानं मनातल्या मनात तो पीस काढला, ठेवला, पुन्हा काढला. स्टेजवर चढता चढता रिनाला म्हणाला, "ठेवतो. भिऊ नको."

पडदा सरकला आणि पहिल्या रांगेत सर दिसले. दोघांनी उचलून आणून त्यांना खुर्चीत ठेवलेलं होतं. इस्त्रीचा पांढरा सदरा, चेहऱ्याची एक बाजू उतरलेली. शेजारी अंजनाबाई हातात रुमाल घेऊन बसल्या होत्या. सर कुठेच बघत नव्हते, फक्त कीबोर्डकडे.

दादरा सुरू झाला. रिना छान गात होती. अंतऱ्याचा शेवटचा शब्द आला, फारूकची बोटं पट्ट्यांवर गेली आणि तिथेच राहिली. खाली दाबलीच गेली नाहीत.

रिनानं वाट पाहिली. आपलंच काही चुकलं असं वाटून तिचा चेहरा उतरला. घाईनं तिनं मुखडा एक मात्रा आधीच उचलला. बिरजूची लग्गी भलतीकडे पडली. गाणं लंगडत लंगडत समेवर आलं. लोकांनी सवयीनं शिट्ट्या मारल्या. रिना पदर तोंडाला लावून विंगेत गेली.

मिमिक्रीवाला स्टेजवर गेला तसा फारूक मागच्या बाजूनं उतरला. सरांना व्हॅनमध्ये बसवून झालं होतं. तो उघड्या खिडकीशी जाऊन उभा राहिला. सरांनी काहीतरी विचारलं. शब्द तोंडातच चुरगळले.

"म्हणून राह्यले, ते काऊन काढलं?" अंजनाबाईंनी सांगितलं.

"काय, बाई?"

"तुतारीवानी वाजते ते. तुही कॅसेट आहे न घरी. रोज लावाले लावते. ते आलं का डोळे मिटते. आज म्हणे, त्याच्या हातून ऐकाचं."

फारूकनं खिडकीच्या कडेवर हात ठेवला. "सर, ती जागा तुमची होती. तुमी तिथी थांबत होते. मी त्यात उगाच..."

सरांच्या घशातून आवाज निघाला. ते हसत होते. अंजनाबाई त्यांच्या तोंडाशी वाकल्या आणि त्याही हसल्या. "म्हणते, तिथी दम सरत होता त्याइचा. श्वास घ्याले थांबत."

फारूक एकदम म्हणाला, "थांबा बाई. मी कीबोर्ड आणतो खाली. लगेच आणतो."

"मामी, निघा लागते," गाडी चालवणारा भाचा म्हणाला. "शिफ्ट सुटली का रस्त्यावर ट्रकाच ट्रका."

मग फारूक खिडकीतून आत वाकला आणि तोंडानंच तो पीस म्हणू लागला. त्याला गाता येत नव्हतं. आवाज चिरकला, फाटला, तरी तो थांबला नाही. सरांनी डोळे मिटले. शेवटच्या सुरावर त्यांचा बरा हात हळूच वर आला आणि खिडकीबाहेर, हवेतून काहीतरी ओढल्यासारखा सरकला.

"आखीन ओढ म्हणून राह्यले," अंजनाबाई म्हणाल्या.

त्यानं सूर धरून ठेवला. छातीत होता नव्हता तेवढा दम संपेपर्यंत धरून ठेवला.

स्टेजवरून त्याच्या नावाचा पुकारा झाला. व्हॅन हलली. खिडकीबाहेर राहिलेला सरांचा हात अजून पुढे सरकतच होता. समोरून ट्रक येताना दिसला तसा अंजनाबाईंनी तो मनगटाशी धरला आणि हळूच आत घेतला.