निळं कापड

नेपरव्हिलच्या भाड्याच्या हॉलमध्ये इडलीचे डबे उघडले जात होते. बाहेर एप्रिल महिन्यातही बर्फ भुरभुरत होता. उपासना लॅपटॉपसमोर बसली होती आणि तिची नजर एकाच आकड्यावर खिळली होती. बॅटरीचं तापमान एकावन्न अंश. सकाळी ती घरून निघाली तेव्हा ते एकतीस होतं.

मलावीतल्या त्या गावात वीज पोचलेली नव्हती. इथल्या आंबेडकरी मंडळींनी खपून तिथल्या शाळेला सोलर बसवून दिलं होतं. छपरावर पॅनल आणि वाचनाच्या खोलीत बॅटरीचं लोखंडी कपाट. आज जयंतीचा कार्यक्रम होता. इथून भानुदासकाका व्हिडिओवर इशारा देणार, तिथे मुली कपाटावरचं निळं कापड ओढणार आणि दिवे लागणार, असं ठरलं होतं. कापड कमलाकाकूंनी शिवलं होतं. जाड, अस्तर लावलेलं, सोनेरी काठाचं.

‘कार्यक्रम होईपर्यंत कापडाला कुणी हात लावू नये,’ हा निरोप उपासनानेच पाठवला होता. तेव्हा यंत्रणा बंद होती. पण ऐनवेळी दिवे लागले नाहीत तर चारचौघांत नाचक्की व्हायची, म्हणून आज सकाळी तिनेच ॲपवरून ती चालू केली. कपाटाच्या पुढच्या जाळीतून हवा आत जावी लागते, हे तिला पाठ होतं. ती जाळी झाकणारं कापड मात्र तिच्या डोक्यातून साफ निघून गेलं होतं.

चोपन्न.

तिने ‘बंद’चं बटण दाबलं. पडद्यावर गोल चक्र फिरत राहिलं. इतक्या तापमानाला यंत्रणेने आपोआप बंद व्हायला हवं होतं. ती झाली नव्हती.

“काका, दोरी ओढायची प्रॅक्टिस झाली का?” पलीकडून अनुप ओरडला. “मागच्या वर्षी तुम्ही पडद्यासकट स्टँड पाडला होता!”

“गप रे. आज ओढणार त्या मुली. मी नुसता हात वर करणार.”

“काका,” उपासना म्हणाली, “मुली आत्ता कुठे आहेत?”

“त्याच खोलीत. गाणं बसवतायत. दार लावून घ्या म्हटलंय मी, सरप्राइज आहे ना.”

तिने ग्रेस फिरींना फोन लावला. त्या तिथल्या मुख्य शिक्षिका. रिंग वाजून वाजून थांबली. दुसऱ्यांदाही तेच.

तिसऱ्यांदा फोन उचलला गेला. मागून गाण्याचे सूर येत होते.

“ग्रेस मॅडम, मुलींना बाहेर काढा. आत्ता. काही गोळा करू नका.”

बाईंनी का म्हणून विचारलं नाही. गाणं मधेच तुटलं, बाकं सरकली, खूप पावलं धावली. मग मोकळ्या हवेतला कालवा ऐकू आला. उपासनाने श्वास सोडला.

“सगळ्या बाहेर आहेत,” ग्रेस म्हणाल्या. “आत कसला तरी वास येत होता. आम्हाला वाटलं, नव्या रंगाचा असेल. कापडाला कुणी हात लावला नाही हं. उलट मुलींनी वरून फुलांच्या माळा घट्ट बांधल्यात.”

एकसष्ट.

“स्विच कुठे आहे?” ग्रेसनी विचारलं. “मी जाऊन बंद करते. एका मिनिटाचं काम.”

स्विच कपाटाच्या आत होता. कापडाखाली, माळांखाली. एक मिनिट पुरलंही असतं. नसतंही.

भानुदासकाका मागे येऊन उभे राहिले होते. “जाऊ दे ना त्यांना. उपासना, एवढ्या लोकांनी राबून उभं केलंय ते.”

“नाही.” मग फोनवर, “कुणीही आत जायचं नाही. जळलं तर जळू द्या.”

“मग छपरावर चढून पॅनल झाकू?”

“छपराखाली तीच खोली आहे, मॅडम. लांब जा. मुलींना आंब्याच्या झाडांपलीकडे न्या.”

हॉलमधली बडबड हळूहळू थांबली. काकूंनी डब्यांवर झाकणं ठेवली. ग्रेसनी दुरून फोन धरला होता. पडद्यावर शाळेची भिंत, बंद खिडकी आणि छपरावर लखलखणारे पॅनल दिसत होते. इथे अजून सकाळ सरली नव्हती, तिथे मात्र दुपार उतरत होती. ऊन पडतंय तोवर कपाटात वीज जात राहणार होती.

“सूर्य कधी मावळतो तिथे?” काकांनी हळूच विचारलं. ज्या माणसाने सभेत उठून ‘सूर्य कुणाच्या बापाचा नाही’ म्हणून वर्गणी जमवली होती, तो आता खुर्चीच्या कडेवर बसून उन्हाची तिरीप भिंतीवरून सरकताना पाहत होता.

चौसष्टवर आकडा अडला. खिडकीच्या फटीतून धुराची करडी रेघ निघाली आणि विरली. पुन्हा निघाली. कुणी इडलीला हात लावला नाही. हळूहळू पॅनलवरची लकाकी गेली, भिंत राखाडी झाली.

“अंधार झाला,” ग्रेस म्हणाल्या.

त्रेसष्ट.

कुणी टाळी वाजवली नाही. काकू डोळे पुसत होत्या. चक्र अजून फिरतच होतं.

“रात्रभर दार बंद ठेवा. आत कुणी जायचं नाही,” उपासना म्हणाली. “पहाटे आकडा पुरेसा उतरला असेल तरच कापड काढा आणि स्विच बंद करा. मी सांगितल्याशिवाय नाही.”

“आणि नसेल उतरला तर?”

तिथला सूर्य उद्याही वेळेवर उगवणार होता. उपासनाने फोन चार्जरला लावला आणि खुर्ची पडद्याजवळ ओढली.