तिसऱ्या खोलीचा रकाना

मित्रांनो, मी एक जुना प्रोग्रॅम आहे. पर्ल नावाच्या भाषेत लिहिलेला, पोस्टकार्डावर मावेन एवढासा. माझा जन्म एका बियाणे-भांडारात झाला. आता कुणी पेरत नाही अशा पिकांचं बी तिथे थंड खोल्यांत जपून ठेवलेलं असे.

दर तासाला सगळ्या खोल्यांचं तापमान एका ओळीत नोंदलं जाई. ओळीखाली ओळ. भांडार सांभाळणारे काका ते वाचून वैतागत. त्यांची पुतणी तिथेच संगणकावर काम करायची. काका तिला म्हणाले, "अगं, आडवं वाचून मला काय कळणार? माझ्या तिसऱ्या खोलीचं तेवढं उभं काढून दे."

"पर्लमध्ये उभा रकाना आयता मिळत नाही, काका. प्रत्येक ओळीकडे जाऊन त्याच जागेवरचा आकडा मागून आणावा लागतो. आणि जागा मोजायच्या शून्यापासून. तुमची तिसरी खोली पर्लच्या लेखी दोन."

"मग पहिली काय, जमेतच नाही?"

ती हसली आणि तिने मला लिहिलं. रोज सकाळी मी रकाना काढी, काका छापून वाचत. एकदा त्यातले आकडे हळूहळू चढताना दिसले, तेव्हा त्यांनी वेळीच गारव्याचं यंत्र दुरुस्त करणारा कारागीर बोलावला. "गुणाचं पोर आहे हो!" ते म्हणाले. मला धन्य वाटलं.

पुढे पुतणी दुसरीकडे नोकरीला गेली. भिंतीवर संगणकाचा नवा पडदा आला, छपाई बंद झाली. "आता सगळं इथे दिसतं, काका," भांडाराचे साहेब म्हणाले. पडद्यावर फक्त त्या तासाची ओळ दिसे, हिरवीगार. तापमानाने एकदम उसळी मारली तरच ती लाल होई. तिसरी खोली मात्र कणाकणाने तापत होती. मी जुन्या यंत्रात रोज रकाना काढत राहिलो. तो उघडून बघायला कुणी आलं नाही.

एके दिवशी काकांनी त्या खोलीतला काळ्या कुसळाचा गहू ओल्या कागदावर उगवायला ठेवला. एकही दाणा फुटला नाही. त्यांनी पुतणीला बोलावून घेतलं. तिने माझे रकाने उघडले आणि चढत गेलेल्या आकड्यांवरून बोट फिरवलं.

"काका, हा रोज सांगत होता."

"आईच्या शेतातलं शेवटचं बी होतं गं ते," काका म्हणाले, आणि कागद पुन्हा ओला करू लागले.

तिसरी खोली आता रिकामी आहे. तिचा रकाना मी अजून काढतो. मला थांब म्हणायचं कुणाला सुचलेलं नाही. मित्रांनो, जुनं जरूर बदला, मलाही खुशाल पुसून टाका. फक्त त्याआधी एवढं विचारा, की हा काय काम करत होता आणि उद्यापासून ते कोण करणार आहे.