खडूची बोटं

"बाई, तुमच्या कुलपाचा नंबर मी सांगू का?"

विचारून टाकलं एकदाचं! खांबाआड दडलेल्या तिघी मैत्रिणींनी एकमेकींचे हात घट्ट पकडले. "तुझी हिंमतच नाही!" असं मधल्या सुट्टीत त्यांनीच तिला डिवचलं होतं आणि आता त्यांच्याच तोंडचं पाणी पळालं होतं. कारण समोर उभ्या होत्या मोठ्या बाई, शाळेच्या मुख्याध्यापिका. त्यांनी विनोद केला तरी वर्ग आधी इकडेतिकडे बघायचा आणि मग हसायचा.

आणि विचारणारी होती खुटखुट. हे नाव तिला घरच्यांनीच दिलं होतं, कारण हातात पडेल ती वस्तू खोलून बघितल्याशिवाय तिला चैन पडत नसे. मिक्सर झाला, इस्त्री झाली, एकदा तर आजोबांचं कानाचं यंत्रसुद्धा. आजोबांना त्यानंतर जरा जास्तच ऐकू यायला लागलं, ही गोष्ट वेगळी.

या चौघींचा सगळा जीव शाळेच्या कार्यशाळेत. तिथून तारा डाखायची दोन सोल्डरिंग आयर्न आणि वीज मोजायचा एक मीटर गायब झाला, तेव्हा मोठ्या बाईंनी हिशेब मांडला होता. "दाराला आकड्यांचं कुलूप. नंबर ठाऊक फक्त मला आणि विज्ञानाच्या सरांना. म्हणजे वस्तू गेल्या त्या दार उघडं असताना." दार उघडं असताना आत कोण? या चौघी. झालं! कार्यशाळा बंद. चोर असं कुणी तोंडावर म्हटलं नाही, पण त्या जवळून गेल्या की वर्गातली मुलं मुद्दाम कंपासपेट्या छातीशी धरायची आणि खिदळायची. ते फार लागायचं.

"काय म्हणालीस?" बाईंनी चष्म्यावरून बघितलं. भूमितीचा तास संपवून त्या लाकडी कोनमापक ठेवायला कार्यशाळेत गेल्या होत्या. त्या नुकत्याच बाहेर आल्या होत्या आणि त्यांच्या मागे दार आपोआप बंद झालं होतं.

"नंबर, बाई. मी खांबापाशी होते. तिथून काही दिसत नाही. तरी सांगते."

"आणि चुकलीस तर?"

"तर कार्यशाळेचं नाव काढणार नाही."

खांबाआडून "अगं बाई!" असा दबका आवाज आला. हे काही ठरलं नव्हतं.

"तीनदा चुकलं की कुलूप अडकतं," बाई म्हणाल्या. "तुला दोनच संधी."

खुटखुट दारापाशी गेली. काळी रबरी बटणं आणि त्यांवर बाईंच्या बोटांचा खडू! सातावर पांढराशुभ्र ठसा, दोनवर जरा कमी, चारवर पुसट. बोट एकच, त्यामुळे दर वेळी खडू कमी कमी होत गेलेला. म्हणजे आकडेही कळले आणि क्रमही. पण चौथा आकडा? बाकीची बटणं कोरी करकरीत.

चारच दोनदा दाबला असेल. खुणा पुसू नयेत म्हणून तिनं पेन्सिलीच्या टोकानं दाबलं. सात, दोन, चार, चार.

लाल दिवा. कुलूप असं काही किंचाळलं की शेजारच्या वर्गातून दोन डोकी बाहेर आली.

"एक," बाई म्हणाल्या.

"ए, चल ना परत," खांबाआडून कुणीतरी रडकुंडीला आलं होतं.

पण खुटखुट हटली नाही. तिनं गाल जवळजवळ दाराला टेकवला आणि बटणांकडे तिरकं बघितलं. हा बघ! दोनच्या बटणावर ठळक ठशाच्या कडेला आणखी एक ठसा होता, धुक्यासारखा. शेवटचा! खडू संपता संपता उमटलेला.

सात. दोन. चार. दोन.

हिरवा दिवा, खट्, आणि दार उघडलं!

खांबाआडच्या तिघी किंचाळत बाहेर आल्या आणि बाईंना बघून जागच्या जागी थिजल्या. बाई मात्र आपल्या पांढऱ्या बोटांकडे बघत राहिल्या होत्या.

"म्हणजे रोज मीच नंबर लिहून ठेवत होते," त्या हळूच म्हणाल्या. "येणाराजाणारा कुणीही वाचू शकला असता." मग त्यांनी आवाज चढवला, पार टोकाच्या वर्गापर्यंत जाईल असा. "या चौघींवर संशय घेतला, ते माझं चुकलं. ऐकलंत का सगळ्यांनी?"

सगळ्यांनी ऐकलं. कंपासपेट्यावाल्यांनी तर माना खाली घालून ऐकलं.

"नंबर आजच बदलते. उघडून झालं की तळहात सगळ्या बटणांवरून फिरवायचा, हेही लक्षात ठेवते," बाई म्हणाल्या. "पण चूक काढणं सोपं असतं. यापेक्षा चांगलं कुलूप करशील?"

"आकडे दर वेळी जागा बदलतील असं करू या! जुन्या डिजिटल घड्याळांचे लाल दिव्यांचे आकडे काढून प्रत्येक बटणाशेजारी एकेक लावायचा. मग ठसे उमटू देत, काही कळायचं नाही!"

"मग इथे काय उभ्या आहात? आत व्हा!"

संध्याकाळी ती उड्या मारतच घरी पोचली. आई मटार सोलत होती, बाबा इस्त्री करत होते. कार्यशाळा बंद आहे, तर संध्याकाळ वाया नको, म्हणून त्यांनी तिच्यासाठी गणिताचा क्लास ठरवला होता. उद्या पहिला दिवस.

"दप्तर भर गं रात्रीच," आई म्हणाली. "उद्या धांदल नको."

खुटखुटनं इस्त्रीचं बटण बंद केलं. बाबांनी चमकून वर बघितलं.

"आई, बाबा, नीट ऐका. मी क्लासला जाणार नाही. कार्यशाळा उघडलीय, शाळेचं कुलूप मी बनवतेय आणि पुढेही मी हेच शिकणार आहे."