अध्यक्षांनी पाहिलेलं पाणी

ओढा बुजवून त्यावर नगरपालिकेच्या अध्यक्षांना बंगले बांधायचे होते. त्यासाठी काठावरची पन्नास घरं पाडायची होती आणि त्यातलं एक, नगरपालिकेचे नकाशे काढणाऱ्या नकाशेवालीच्या मावशीचं होतं. आज सभागृहात लोकांच्या संमतीच्या सह्या घ्यायच्या होत्या. डोळ्यांवर चढवला की माणूस थेट चित्रातच उभा राहतो, असला चष्मा अध्यक्षांनी मुद्दाम आणवला होता आणि त्यातलं चित्र नकाशेवालीने करायचं होतं.

"पाणी दाखवायचं नाही," त्यांनी नकाशेवालीला बजावलं होतं. "झाडं दाखवा, बाकं दाखवा, हसणारी पोरं दाखवा!"

तिने निमूट झाडं लावली, बाकं मांडली, पोरं हसवली. मग शंभर वर्षांपूर्वीच्या नकाशातला ओढा उचलून गुपचूप चित्रातल्या बंगल्यांत सोडला आणि वरून दणकून पाऊस पाडला.

"पहिला मान साहेबांचा!" म्हणत तिने चष्मा त्यांनाच चढवला. तेच चित्र मागच्या पडद्यावर सगळ्यांना दिसत होतं.

"वा, काय बाग आहे!" अध्यक्ष म्हणाले. "अहो, पण हे पाणी कुठून आलं?"

"ते तुमच्या आधीपासून इथेच आहे, साहेब."

पाणी गुडघ्याला लागलं तशी त्यांनी दोन्ही हातांनी पँट वर ओढली. कमरेपर्यंत आलं तसे ते कोरड्या ठणठणीत सभागृहात खुर्चीवर चढले. लोक पोट धरून हसायला लागले.

"दात काय काढताय, गाढवांनो? बुडतोय मी!"

मावशी उठली. सह्यांचा कोरा कागद तिने त्यांच्या हातात कोंबला.

"घ्या, याची होडी करा."