सहादेव ड्रायव्हरचे हात

सहादेवआण्णांनी एकतीस वर्षं एसटी चालवली आणि एवढ्या वर्षांत आपल्या गाडीत कुणाच्या कपातला चहा हिंदकळला नाही, असं ते सांगत. थोडं वाढवून सांगत असतील. पण त्यांच्या गाडीनं शाळेला गेलेली माणसं अजूनही शेवगावच्या बाजारात त्यांना थांबवून रामराम करत, हे मात्र खरं. रिटायर झाल्यावर त्यांनी मोटरसायकल घेतली. रानात जायचं, बाजार करायचा आणि बायकोला, सत्यशीलाबाईंना, घोडेगावला तिच्या बहिणीकडं सोडायचं, एवढीच त्या गाडीची कामं.

तर यंदा मार्च महिन्यात त्यांचे हात कापायला लागले.

झालं असं, की दोघं कुकाण्याहून येत होते. काटा चाळीसच्या पुढं गेला आणि हँडल थरथरायला लागलं. आण्णांनी मुठी आवळल्या तर थरथर कोपरापर्यंत चढली.

"थंडी वाजती का काय तुमाला?" मागून सत्यशीलाबाईंनी विचारलं. डोक्यावर ऊन मी म्हणत होतं.

घरी आल्यावर बाईंनी सहज ही गोष्ट मुलाला, अमृतला सांगितली. अमृत गावातल्या दूध डेअरीत होता. काळजीखोर स्वभाव. त्यानं लगेच गाडी काढली, गल्लीतून मारुतीच्या देवळापर्यंत नेली आणि परत आणली.

"गाडीला काय झालं न्हाई," तो म्हणाला. "आण्णा, वय झालं आता. चावी माझ्याकडं राहू द्या. पुढच्या आठवड्यात नगरला डॉक्टरला दाखवू."

दुपारी घरात कुणी नाही असं बघून आण्णांनी तांब्या काठोकाठ भरला आणि हात लांब करून धरला. पाणी हललं नाही. मग बायकोच्या डब्यातली सुई काढून दोरा ओवला. पहिल्याच झटक्यात ओवला गेला. तरी मनाला पटेना. असले आजार येऊन जाऊन असतात, आपल्या आगारातल्या बजरंग कंडक्टरचंही असंच सुरू झालं होतं, असं काहीबाही त्यांना आठवत राहिलं. त्या दिवशी त्यांनी चहासुद्धा कपाऐवजी पेल्यात मागितला.

अशात घोडेगावहून सत्यशीलाबाईंच्या बहिणीचा, रतनबाईचा फोन आला. कुरडयांचे गहू भिजत घातले होते. परवा चीक काढायचा, तेव्हा सत्यशीलेनं उद्या संध्याकाळपर्यंत यायलाच पाहिजे.

"बसनं जा की दोघं," अमृत म्हणाला.

त्याचं काही चुकलं नव्हतं. पण ज्या रस्त्यावरचा खड्डान्‌खड्डा आपण चुकवला, त्या रस्त्यानं आता हात चालत नाहीत म्हणून तिकीट काढून जायचं, हे आण्णांच्या घशाखाली उतरेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी सून पंकजा मीटिंगसाठी शेवगावला निघाली. ती अंगणवाडी सेविका होती. तिची स्कूटी अमृत घेऊन गेलेला. तिनं खुंटीवरच्या त्याच्या सदऱ्यातून चावी काढली आणि सासऱ्यांची मोटरसायकल बाहेर घेतली. गिअरची गाडी तिला आण्णांनीच शिकवली होती, अमृतला न विचारता.

दोन तासांनी ती परत आली, गाडी स्टँडवर लावली आणि ओट्यावर आण्णांसमोर येऊन बसली. दोन्ही पंजे पुढं धरले.

"मामा, माझं वय किती हो?"

"असंल तीस-एकतीस. का गं?"

"मग माझेबी हात गेले म्हणायचे. पंचेचाळीसच्या पुढं नेली की मुंग्या याव्यात तसं हँडल थरथरतंय. येताना तर दात वाजले माझे."

आण्णा सरळ होऊन बसले. "आन्‌ चाळीसच्या खाली?"

"खाली काय न्हाई. लोण्यागत चालती."

आण्णा उठून उभेच राहिले. गल्लीत गाडी वीसच्या वर जातच नाही, मग अमृतला कळणार कसं? आणि म्हातारपणानं कापणारा हात काय मीटरवरचा काटा बघून कापतो? एवढी साधी गोष्ट, एकतीस वर्षं गाडी चालवलेल्या ड्रायव्हरला सुचू नये, याचं त्यांना हसूच आलं.

"बस मागं," ते म्हणाले. "सविताकडं जाऊ."

सविताचं टायरचं दुकान मिरी रस्त्याला होतं. नवरा ट्रकवर, दुकान ती एकटी बघायची. तिनं सगळं ऐकून घेतलं, गाडीचं पुढचं चाक वर उचललं आणि हातानं गरकन्‌ फिरवलं. चाक थांबलं, तिथं खाली तिनं खडूनं खूण केली. परत फिरवलं. खूण परत खालीच. पाच वेळा फिरवलं, पाचही वेळा खूण जमिनीकडं.

"काका, चाक एका अंगाला जड हाय," ती म्हणाली. "पंक्चरचं औषध घातलंय का यात?"

आण्णांना ठाऊक नव्हतं. पंकजानं कपाळाला हात लावला. फेब्रुवारीत बाभळीच्या काट्यानं आण्णांची गाडी आठवड्यात दोनदा पंक्चर झाली, तेव्हा अमृतनं मोबाईलवरून दोन बाटल्या मागवल्या होत्या. काटा घुसला तरी आतलं औषध भोक बुजवतं, असं त्यानं व्हिडिओत पाहिलं होतं.

सवितानं ट्यूब काढून कात्रीनं चिरली. आत हिरव्या डिंकाचा गोळा एका जागी थिजून बसला होता, चांगला पेरूएवढा.

"औषध चांगलंय हो," ती म्हणाली, "पर मापानं घालायचं असतं, आन्‌ मग गाडी थोडी पळवायची, म्हंजी आत सगळीकडं सारखं पसरतं. ह्ये दोन चाकांचं एकात वतलंय, वर गाडी उन्हात उभी ठिवली."

तिनं नवी ट्यूब टाकली, माप भरून औषध घातलं आणि चाकाच्या तारांना शिशाची दोन चिमुकली वजनं बसवली. आता चाक फिरवलं की खूण कधी वर थांबे, कधी आडवी. मनाला येईल तिथं.

आण्णांनी गाडी मोकळ्या रस्त्याला काढली. चाळीस. पन्नास. पंचावन्न. हँडल देवघरातल्या समईसारखं स्थिर. ते गुणगुणायला लागले, आणि तेवढ्यावरून मागं बसलेल्या पंकजाला कळलं.

घरी आल्यावर अमृतनं सगळं ऐकलं आणि मान खाली घातली. "मागच्या चाकाचा व्हॉल्व्ह निघंना, म्हणून दोन्ही बाटल्या पुढंच वतल्या. म्हणलं, तुमी रानात काट्यात आडकाय नको."

"त्ये दिसलं मला," आण्णा म्हणाले. मुलानं आपल्यासाठी ऊन खात, गुडघ्यावर बसून हा उद्योग केला, हे त्यांना वाटेतच उमगलं होतं आणि राग तिथंच विरला होता. "पुढल्या बारीला मला बोलव. दोघं मिळून करू."

अमृत हसला. डॉक्टरचा नंबर त्यानं तेवढा खोडून टाकला.

संध्याकाळी नवराबायको घोडेगावला पोचले. ओसरीवर बसल्या बसल्या आण्णांनी साडूंना, म्हणजे राधाकृष्णरावांना सगळी हकीकत तिखटमीठ लावून सांगितली. ते म्हणाले, त्यांचीही गाडी पन्नासला थरथरते. त्यांनी त्याचा दोष रस्त्यावर ढकलला होता. आण्णांनी लगेच धोतराचा सोगा खोचला, दगडावर गाडी टेकवली आणि चाक फिरवून खडू मागितला.

दुसऱ्या दिवशी चीक शिजला, अंगणभर कुरडया पडल्या, दुपारपर्यंत कडकडीत वाळायला आल्या. सत्यशीलाबाई हात पुसत दारात आल्या.

"चला, निघायचं न्हवं का आज?"

आण्णा गल्लीत उकिडवे बसले होते. समोर एका रांगेत चार गाड्या, आणि चौघंही मालक त्यांच्या तोंडाकडं बघत उभे.

"उद्या निघू," आण्णा म्हणाले. "आजून तिघांची चाकं ऱ्हायलीत."