चादरी जातात कुठे

दवाखान्याच्या धुलाईघरात भर दुपारीही धुक्यासारखी वाफ तरंगत असायची, आणि तिथल्या प्रमुख बाईंना हल्ली त्या वाफेत चादरीच चादरी दिसायच्या. खऱ्या चादरींचा मात्र पत्ता नसायचा. दरवर्षी नव्या यायच्या आणि बघता बघता कापरासारख्या उडून जायच्या. मग वॉर्डांतून ओरड सुरू. सगळ्यांत मोठा आवाज बाळंतिणींच्या वॉर्डाच्या मुख्य नर्सचा, म्हणजे बाईंच्या सख्ख्या थोरल्या बहिणीचा. ताईने एकदा मनावर घेतलं की समोरच्याची धडगत नसे. तिने थेट मोठ्या साहेबांकडे तक्रार केली. साहेबांनी फर्मान काढलं, आठवड्याभरात चादरी पुरल्या नाहीत तर धुलाईघराला कुलूप, आणि बाईंसकट सगळे घरी.

बाईंनी यंत्रं जास्त वेळ चालवली, हाताखालच्या माणसांवर डाफरल्या, दारावर पहारा बसवला. चोर काही सापडला नाही. सापडणार कुठून?

त्या दुपारी इस्त्रीच्या यंत्राजवळच्या उबेत त्यांचा डोळा लागला. स्वप्नात दवाखान्याच्या भिंती विरघळल्या होत्या आणि चादरी पाण्यासारख्या वाहत होत्या, संथ, पांढऱ्या, जराही आवाज न करता. बाई अनवाणी त्यांच्यामागून चालल्या. ते पाणी प्रत्येक वॉर्डात शिरायचं आणि थोडं थोडं तिथेच मुरायचं. कपाटांत, खाटांखाली, औषधांच्या खोक्यांमागे. एक नर्स ओंजळभर दडवायची, तेवढं शेजारच्या वॉर्डाला कमी पडायचं, म्हणून तिथली दोन ओंजळी दडवायची. चेहरा कुणाचाच चोराचा नव्हता, सगळ्या नुसत्या घाबरलेल्या. बाईंना त्यांची दया आली. मग त्या उगमाकडे निघाल्या, तर वाट त्यांच्याच खुर्चीमागच्या बंद खोलीत शिरली.

जाग आली तरी त्या खोलीकडे बघायचं धाडस होईना. आत छतापर्यंत कोऱ्या करकरीत चादरी रचलेल्या होत्या. अडीनडीला असू द्याव्यात म्हणून दर खेपेला बाईच त्या बाजूला काढायच्या. वॉर्डांची ओरड वाढली की आणखी थोड्या, कारण मग तर अडचण येणारच! एवढी हुशारी आणि ती अशी अंगाशी आलेली.

शेवटी त्यांनी खोली उघडली, गाडा भरला आणि तो ढकलत ताईच्या वॉर्डात गेल्या.

"आज सूर्य पश्चिमेला उगवला की काय?" ताई म्हणाली. "काय शिजतंय तुझ्या डोक्यात?"

"काही नाही गं. या माझ्याकडे दडवलेल्या होत्या. तुम्ही सगळ्या दडवता म्हणून मी दडवायची, आणि मी कमी पाठवते म्हणून तुम्ही. जा, सांग साहेबांना. तुझी तक्रार खरीच होती."

ताईने गाड्यातली वरची चादर उचलून पाहिली.

"परवा एक पोरगी बाळंत झाली," ती हळूच म्हणाली. "उघड्या गादीवर निजवली मी तिला. गारठली होती बिचारी. तेव्हाही होत्या तुझ्याकडे?"

"होत्या."

ताईने कमरेची किल्ली काढून भिंतीतलं कपाट उघडलं. आत बोट शिरायला जागा नव्हती.

"माझ्याकडेही होत्या," ती म्हणाली. तिने पदराने डोळे पुसले. "चल, साहेबांना दोघी मिळून सांगू. धुलाईघर बंद करायचं तर माझा वॉर्डही करा म्हणावं. पण आधी एक चादर घे. त्या पोरीच्या अंगाखाली अजून काल कशीबशी मिळालेलीच आहे."